ट्रेलर फोल्ड झाला की फक्त ड्रायव्हरला धरू नका : गडकरी साहेबांना खुलं पत्र

मा. नितीन गडकरी साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी कळंबोलीतला छोटा ट्रान्सपोर्टवाला, जेएनपीटी बंदराचे कंटेनर ओढतो. ट्रेलर रस्त्यात आडवा पडला, घोडा, म्हणजे पुढचा इंजिन-केबिनचा भाग, वळून कंटेनरला चिकटला आणि मागे किलोमीटरभर लाइन लागली की दुसऱ्या दिवशी पेपरात एकच वाक्य येतं, चालकाचं नियंत्रण सुटलं. सुटलं हे खरंच आहे हो, पण का सुटलं ते कोण विचारतं?

होतं काय सांगतो. जोरात ब्रेक मारला की घोड्याची मागची चाकं जाम होतात, जाम झालेलं चाक रस्ता धरत नाही, ते नुसतं घसरतं, आणि ट्रेलरला नीट ब्रेक नसेल तर तो मागून ढकलतच राहतो, मग घोडा किंगपिनवर, म्हणजे घोडा आणि ट्रेलर जोडणाऱ्या खिळीवर, गर्रकन फिरतो आणि सगळी गाडी घडीच्या चाकूसारखी मिटते. यालाच आम्ही फोल्ड म्हणतो. दोन-तीन सेकंदांचा खेळ. वाचायचं तर त्या क्षणी ब्रेक सोडायला पाहिजे, पण घाबरलेल्या माणसाचा पाय उलटा अजून खाली जातो.

सगळ्यांना वाटतं ओव्हरलोड गाडीच धोक्याची. घाटात ब्रेक तापायच्या बाबतीत बरोबर आहे ते. पण फोल्ड व्हायला रिकामी गाडी जास्त सोपी! ब्रेक असतात भरलेल्या वजनाच्या हिशोबाने, रिकाम्या ट्रेलरच्या चाकांवर वजनच नसतं त्यामुळे जरा दाबलं की चाक जाम, त्यात जूनचा पहिला पाऊस, रस्त्यावर तेल-धुळीचा थर आणि समोर वळण. त्यात कोणी एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा ब्रेक, ओढला तर तो फक्त घोड्याच्या मागच्या चाकांना अडवतो, ट्रेलरला नाही. बंदरातून रिकामे बॉक्स, म्हणजे कंटेनर, घेऊन किती ट्रेलर सुसाट सुटतात ते एकदा पनवेलला उभं राहून बघा.

आता आमच्या धंद्याचं पण बोलतो. रिकाम्यात चाक घासून टायर खातो म्हणून कित्येक जण ट्रेलरचे ब्रेक ढिले ठेवतात, मग सगळा भार घोड्यावर. 2015 पासून नव्या अवजड गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम, सक्तीचं केलं, चांगलंच झालं, पण घोडा नवा आणि मागे ट्रेलर पंधरा वर्षं जुना असला तर काय उपयोग, आणि ट्रेलरला एबीएस असलं तरी जोडायची केबल तुटून लोंबत असते. अमेरिकेत 1998 पासून नव्या ट्रेलरला एबीएस लागतं, वर ट्रेलरच्या मागे डाव्या बाजूला पिवळा दिवा, एबीएस बिघडलं की पेटतो आणि आरशात दिसतो. एवढा एक दिवा आपल्याकडे सक्तीचा करायला काय हरकत आहे? तिकडे 2017 पासून तर नव्या घोड्यांना गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी सिस्टिम पण सक्तीची झाली.

पासिंगचं, म्हणजे गाडीच्या फिटनेस तपासणीचं, तर विचारूच नका. ऑटोमेटेड टेस्टिंगची, म्हणजे मशीनवर तपासणीची, सक्ती ढकलत ढकलत 1 ऑक्टोबर 2024 वर आणली, पण मशीनवर प्रत्येक एक्सलचा ब्रेक वेगळा मोजला जातो आणि ट्रेलरचाही मोजला जातो याची खात्री कोण देणार? मी पाहिलेल्या पासिंगमध्ये लाइट, रिफ्लेक्टर, रंग बघितला आणि झालं.

पुण्यातल्या नवले पुलावरचा 2022 चा ट्रकचा अपघात आठवत असेल, उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं होतं असं तेव्हा सांगितलं गेलं. तो प्रकार फोल्डचा नव्हता, पण आमचे ब्रेक हवेवर चालतात, इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, दोन-चारदा ब्रेक दाबला की हवा संपत जाते, आणि हवा फारच उतरली तर स्प्रिंगचे ब्रेक आपोआप लागून घोड्याची मागची चाकं जाम. ट्रेलर असेल तर पुढचं सांगायला नको. हे किती ड्रायव्हरांना लायसन्स देताना शिकवतो आपण? 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1 लाख 68 हजार माणसं गेली, आणि तुमच्याच मंत्रालयाच्या रिपोर्टात सगळ्यात वरचं कारण ओव्हरस्पीड. बरं, गाडी फास्ट होती, पण ट्रेलरचे ब्रेक लागत होते का हेही प्रत्येक तपासात सक्तीने लिहायला लावा ना.

आणि फास्ट का होती तेही. जहाजाचा गेट बंद व्हायच्या आत बॉक्स आत गेला नाही तर भाडं कापतात. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच आठ तासांची ड्युटी लिहिली होती, ते आमच्या लाइनीत कोणाला सांगितलं तर हसतात. 1 ऑक्टोबर 2025 पासून नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची केलीत त्याबद्दल मनापासून थँक्यू, पण गार केबिनमध्ये सोळा तास बसवलेला माणूस पण पेंगतोच.

मोठे नियम व्हायला वेळ लागेल, समजू शकतो. या पावसाळ्याआधी एवढं तरी करा, टोलनाक्यावर रिकामा ट्रेलर बाजूला घेऊन एबीएसची केबल जोडलीय का आणि ट्रेलरचा ब्रेक लागतो का एवढंच बघायला लावा. आणि दंड मालकाच्या नावावर फाडा, ड्रायव्हरच्या नाही. माझी गाडी सापडली तर माझ्या नावावर पण.

आपला,
एक ट्रेलरवाला, कळंबोली