ग्रुनफेल्ड सोडू नकोस

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

बुद्धिबळात काळ्याने खेळायचा ग्रुनफेल्ड बचाव सोडून स्लाव्ह या दुसऱ्या बचावाकडे वळायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून राहवलं नाही. थिअरी, म्हणजे आधीच अभ्यासून ठेवलेल्या सुरुवातीच्या चाली, अफाट आहे, कबूल. पण विसाव्या चालीपर्यंत पाठ करत सुटलं तर हा बचाव कुणालाच पेलणार नाही.

तू आधी डी४ कडे, म्हणजे डी स्तंभातल्या चौथ्या घराकडे, बघ. पांढरा आणि काळा आळीपाळीने खेळतात: डी४, घोडा एफ६, सी४, जी६, घोडा सी३, डी५. पांढरा डी५ वर मारतो, ई४ खेळून घोड्याला हटकतो, आपण सी३ वर घोडे बदलतो आणि उंट जी७ ला बसवतो. आता पटाच्या मध्यात त्याची डी४, ई४ ही जोडी आणि आपलं एकही प्यादं नाही. इथून पुढे काळ्याचं सगळं बळ डी४ वर रोखायचं: सी५, घोडा सी६, उंट जी४, वजीर ए५, हत्ती डी८. दबाव जरा सैल पडला की ते प्यादं डी५ ला सरकतं आणि आपला श्वास कोंडतो.

हे मनात ठेवून तू ज्याला घाबरतोस तो हत्ती बी१ चा प्रकार पाहा. हत्ती ए१ वरून का उठतो? जी७ च्या उंटाच्या कर्णातून बाहेर पडायला. म्हणजे डी५ ढकलणं त्याला सोपं जातं, शिवाय बी७ वर नजर राहते आणि आपला सी८ चा उंट अडकतो. मग आपण डी४ वर प्यादी बदलून वजीर ए५ ला शह देतो आणि ए२ चं प्यादं खातो. त्याच्याकडे मध्य, आपल्याकडे ए आणि बी ही दोन मोकळी, म्हणजे समोर अडवणारं प्यादं नसलेली, प्यादी. डाव शेवटाकडे गेला तर तीच धावतात. म्हणून या बचावाचे अंत्यडाव आधी शीक, चाली नंतर.

कास्पारोव्ह १९८६ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात कार्पोव्हकडून ग्रुनफेल्डमध्ये तीन डाव हरला, तरी १९८७ मध्ये स्पेनमध्ये सेव्हियाला पुन्हा तोच घेऊन बसला. तिथे कार्पोव्हने एफ७ वर उंटाने मारून नवाच प्रश्न टाकला. उलट आनंद २०१० मध्ये सोफियाला टोपालोव्हविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात पहिलाच डाव यात हरला, पुढे त्याने तो फक्त दहाव्या डावात पुन्हा काढून बरोबरी साधली, एरवी टाळला आणि विजेतेपद राखलं. दोघांचंही मला पटतं. पण आपल्याला जगज्जेतेपद राखायचं नाही, खेळ शिकायचाय. आणि मध्य सोडून देऊन तो फोडायचा कसा, हे स्लाव्ह तुला शिकवणार नाही.

आणखी एक. ज्याच्या नावाचा हा बचाव, त्या ग्रुनफेल्डने १९२२ साली व्हिएन्नात याच बचावाने अलेखिनला हरवलं, पण १८५५ साली कोलकात्यात महेशचंद्र बंदोपाध्यायांनी जॉन कॉक्रनविरुद्ध जी६, डी५ हीच मांडणी खेळून डाव जिंकला होता. तेव्हाच्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं उडत नसे, त्यामुळे जी६ आणि उंट जी७ ही सावकाश मांडणी त्यांच्या हातात असणारच. तो डाव जरूर लावून बघ. शेवट फार सुंदर आहे.

पांढऱ्याच्या रशियन पद्धतीला, म्हणजे वजीर बी३ ला, मी ए६ आणि मग बी५ खेळतो. त्यावर पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन. तोवर तुझे गेल्या स्पर्धेतले काळ्याचे डाव पाठव, इंजिन, म्हणजे संगणकाचा बुद्धिबळ प्रोग्रॅम, न लावता. कुठे थांबून विचार केलास तेही लिही.

वहिनींना नमस्कार, पिल्लूला आशीर्वाद.

तुझा,
विश्वास