हडळीपेक्षा कसर वाईट

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, तुमचं भयकथांचं कपाट मृग लागायच्या आत उघडायलाच हवं. जुलैत मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट होते आणि ६५ टक्क्यांच्या पुढे कागदावर बुरशी धरते. आई, ही भुतंखेतं तुला घरात नकोच असतात. पण रोज एक गोष्ट वाचल्याशिवाय बाबांना झोप लागत नाही. ती झोप उद्या गोळीने आणावी लागली, तर त्यापेक्षा हडळ परवडली.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पुस्तकं ठासून भरू नका, मधे हवा खेळू दे. आणि आई, ती पापडांसारखी उन्हात घालू नकोस. या स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. उन्हाने ते आणखी पिवळं पडतं, मग पान दुमडलं की तुटतं. पंख्याखाली उभी उघडून ठेवली की पुरे. बुरशी झटकायची ती गॅलरीत, मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशने. ओलं फडकं नको.

बांधणीची खळ आणि पुठ्ठ्याचा वरचा थर खरवडल्यासारखा दिसला, तर ती कसर, म्हणजे पुस्तकं खाणारा चंदेरी किडा. डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही आणि निजायच्या खोलीत तो वास वाईटच. त्यापेक्षा पुस्तक जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. थंड कागदावर हवेतलं पाणी सुटतं आणि केलेलं सगळं वाया जातं.

आता बाबा, तुमचा सेलोटेप. तो बंद! काही वर्षांत त्याचा गोंद तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात कालवून, मंद आचेवर चकाकी येईपर्यंत शिजवा. बाइंडर त्यात मोरचूद घालतात, पण ते विषारी, घरात नको. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागदाची बोटभर पट्टी या खळीने लावा. खळ अगदी पातळ, कारण कसरीचं जेवण तेच. वर-खाली बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली दाबा.

सुरुवात शेवटच्या पानांपासून करा. बांधणी सैल झाली की पहिली आणि शेवटची पानंच आधी सुटतात. नारायण धारपांच्या समर्थकथेत भुताशी लढायला समर्थ येणार हे ठाऊक असतं, मधल्या चार ओळी गेल्या तरी निभावतं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेचं तसं नाही. शेवटचा परिच्छेद गेला की वाचलेलं सगळं अधांतरी. पान हरवलंच असेल, तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात ती प्रत आहे का विचारा. मिळाली तर ते पान हाताने उतरवून घ्या. बाबांचं अक्षर छान आहे.

आई, फ्रीजरमधल्या पिशवीवर मोठ्या अक्षरात 'पुस्तकं' असं लिही. नाहीतर रविवारी कोणीतरी सुरमई समजून पाण्यात सोडेल.

तुमची,
धाकटी