पुली हाताने फिरवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे ठाऊक आहे. नातीला सांगितलंय, मोठ्याने वाचून दाखव म्हणून. मधेच उठून जाऊ नका.

परवा माझे पहिले 24 भोवरे विकले गेले. लाखेचे, लाल-पिवळ्या पट्ट्यांचे. पैसे मोजताना सारखी तुमच्या पडवीतली ती सकाळ आठवत होती.

तुमच्याकडे यायच्या आधी मी शहरातल्या लाकूडकामाच्या एका वर्गाला 18,000 रुपये भरले होते. सहा रविवारांपैकी चार मी पॉलिश पेपर घासण्यात घालवले. लेथजवळ, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्राजवळ, गेलं की ‘ताई, ओढणी सांभाळा.’ (मी जीन्समध्ये जायचे. ओढणी नव्हतीच.) शेवटी एकदाची पटाशी हातात मिळाली, ती लाकडात रुतली आणि ठोकळा उडून भिंतीवर आदळला. सर म्हणाले, ‘हे मनगटाचं काम आहे, तुम्ही रंगकाम बघा.’ प्रमाणपत्र मात्र वेळेवर मिळालं, लॅमिनेट करून.

तो धसका घेऊनच मी सावंतवाडीला आले. लाकडी खेळण्यांच्या चितार आळीत विचारत विचारत तुमच्या दारात. दिवाळीची सुट्टी तोंडावर, पर्यटक येणार, तुमची कामं खोळंबलेली. तरी तुम्ही पांगाऱ्याचा एक ठोकळा लेथवर चढवून दिलात. मी पटाशी लावली आणि पुन्हा तोच झटका.

ओरडा खायची माझी तयारी होती. तुम्ही बटण बंद केलंत, वायरसुद्धा काढून ठेवलीत आणि पुली चक्क हाताने फिरवायला लागलात. ‘आदी पाट टेकय, मगे धार.’ (आधी पाठ टेकव, मग धार.) एवढंच बोललात. ठोकळा बैलाच्या घाण्यासारखा हळूहळू फिरत होता आणि मला पहिल्यांदा दिसलं, पटाशीचा उतार लाकडावर टेकला की काय होतं ते. आधी काहीच कापलं जात नाही, पटाशी नुसती घासत जाते. मग मूठ जराशी उचलायची की धार अलगद लागते आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी सलग साल सुटते. मी आजवर धारच आधी खुपसत होते! हे कुणी सांगितलंच नव्हतं. भरधाव फिरणाऱ्या लाकडावर ते दिसणार तरी कसं?

तुम्ही अर्धा तास पुली फिरवलीत. मधे हात बदललात, घाम पुसलात, ‘आता कळलं ना?’ असं एकदाही विचारलं नाहीत. बाहेर एक गिऱ्हाईक उभं राहून निघून गेलं, तेही मी पाहिलं.

पुढे लाखेची कांडी फिरत्या लाकडावर किती दाबायची, केवड्याच्या पानाने चकाकी कशी आणायची, सगळं तुम्हीच शिकवलंत. पण त्यासाठी आभार मानत नाहीये. ते इतर कुणीतरीही शिकवलं असतं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणारे मला पुष्कळ भेटले. हातातलं काम खाली ठेवणारे फार थोडे, आणि ते बहुधा असे गप्पच असतात.

पुढच्या महिन्यात ठोकळे न्यायला येतेय. येताना लेथचा नवा पट्टा आणते. तुमचा एका बाजूने उसवलाय, त्या दिवशी हळू फिरत होता तेव्हा दिसला.