देवळाच्या वर्गणीबद्दल

प्रिय बाळ्या,

जीर्णोद्धाराला पंचवीस हजार देतोयस हे कळलं. गावकी खूश आहे. मी मात्र जरा थांब म्हणायला लिहितोय. फोनवर आपलं भांडणच झालं असतं.

आराखडा बघितलास? सभामंडप, स्लॅब, गाड्या लावायला जागा, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. त्यापायी देवराईतले तीन ऐन, दोन बेहडे जाणार, आणि ती गारंबी. तिच्यावर झोके घेतले म्हणून तुझ्या आजीने आपल्याला झोडपलं होतं. आपण पडू म्हणून नव्हे हं, देवाच्या वेलीला पाय लावला म्हणून!

सभेत मी उठलो. राई आहे म्हणून खालचा झरा मे महिन्यातही वाहतो, म्हटलं. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक हे शास्त्रज्ञ देवराया बघत फिरत होते, तेव्हा श्रीवर्धनकडच्या गाणी गावाने आपली राई वाचवायला त्यांची मदत मागितली ती पाण्यासाठीच, हेही सांगितलं. मागून एक पोरगा म्हणाला, "काका, आता घरात नळ आलाय." झालं. मग मी शेकरू काढलं, औषधी झाडं काढली. कोणी ढिम्म हललं नाही.

घरी येताना जाणवलं, चूक माझीच. उपयोग सांगायला लागलो तिथेच मी राई बाजारात मांडली. बाजारात चढी बोली लावणारा कोणीतरी निघतोच. आजी वाळकी काटकीही उचलू द्यायची नाही, आणि कारण एवढंच सांगायची: ते आपलं नाही. मी देव मानत नाही, तरी हे मला पटतं. तिची भीती मात्र नको. त्याच भीतीने बायकांना चार दिवस राईबाहेर ठेवलं.

आपल्या कायद्यात मूर्तीच्या नावावर जमीन असू शकते, मग झाडांनीच काय घोडं मारलंय? 2017 साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्तीचा दर्जा दिला. काही महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पूर आला तर भरपाई नदीकडून मागायची का, असे पेच होतेच.

गुरव म्हणतो, कौल लावू. देव काय सांगायचं ते सांगेल, पण मुंबईकरांच्या पैशापुढे गावकी वाकते हे तुलाही ठाऊक आहे. पैसे दे, पण अट घाल: देऊळ आहे त्याच जोत्यावर, कौलारू, आणि राईला हात नाही. अमावस्येच्या आत कळव. लाकूडवाल्याने विसार दिलाय.

तुझा,
दिग्या