मागची खोली

रत्नागिरी,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

ती. बाबा आणि आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन करायचा सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं आणि आईला पूर्ण ऐकू आलं की ती फोन ठेवते. गणपतीनंतर बाबांच्या मोतीबिंदूसाठी तुम्ही इथे येणार, तर या खेपेला तुम्हाला पुढची खोली देणार आहे. मागच्या खोलीत साप आहे.

आई, पत्र खाली ठेवू नकोस. आलेलं जनावर नव्हे, आणलेलं आहे. बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर. विष नाही. साडेतीन फूट लांब, वजन ६४० ग्रॅम. घाबरली की डोकं आत घालून गोल गुंडाळून बसते, म्हणून इंग्रजीत तिला 'बॉल', म्हणजे चेंडू म्हणतात. मला मात्र ती थेट तुझ्या कळशीखालच्या चुंबळीसारखी दिसली, तेव्हा नावही चुंबळच ठेवलंय. आमच्या कॉलेजातला एक सहकारी परदेशी गेला. चार वर्षं पाळलेली चुंबळ कुणाच्या गळ्यात बांधायची असा त्याला प्रश्न पडला होता. गळा माझा निघाला.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न कागदांचा असणार. कागद आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा परदेशी प्राण्यांचीही नोंद करावी लागते. त्याचे नियम २०२४ मध्ये आले. नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते, आणि प्राणी दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. ते सगळं करूनच ती माझ्याकडे आली. आपल्या पडवीत येणारी धामण मी अशी पेटीत ठेवली असती तर तो सरळ गुन्हा झाला असता. इथला अजगर तर लांबच राहिला.

आता जे चुकलं ते सांगते. पहिल्या दिवशी काचेची पेटी मी हौसेने हॉलमध्ये मांडली, टीव्हीशेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. शेजारची पोरं काचेला नाक लावून बसली, पलीकडे वॉशिंग मशीन धडधडतंय, आणि ही रात्रभर झाकणाच्या जाळीला तोंड घासत फिरतेय. सापाला आपल्यासारखे बाहेरचे कान नसतात, पण जमिनीचं कंपन त्याच्या जबड्यातून आत पोचतं. तिसऱ्या दिवशी पोरांच्या हट्टापायी मी तिला बाहेर काढलं. ती चावली नाही, पण अंगातून असा काही वास सोडला की दोन वेळा आंघोळ करूनही हाताला येत होता. सकाळी पाहिलं तर तिच्या नाकाच्या शेंड्याची खवलं सोलवटलेली.

तेव्हा बाबांची पाडी आठवली. लांज्याहून आणली होती ती, कपाळावर चांद असलेली. दोन दिवस तिने गवताला तोंड लावलं नव्हतं. तुम्ही तिला गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बांधलंत आणि आम्हाला दटावलंत, "बघायला जाऊ नका. तुम्ही तिला बघता तेवढीच ती तुम्हाला बघते, मग खाणार कधी?" मी आठ वर्षांची असेन. लपून जायचेच, आणि तुमचा धपाटाही खाल्लाय.

त्याच दिवशी पेटी उचलून मागच्या खोलीत नेली. तिथे वर्दळ नाही, ऊन थेट येत नाही. आत दोन आडोसे केले, एक उबेच्या बाजूला आणि एक गार बाजूला. एकच असला तर बिचारीला ऊब आणि लपणं यांतलं एकच निवडावं लागतं. सापाला अंगची ऊब नसते, ती बाहेरून घ्यायची आणि पुरे झाली की सरकायचं. म्हणून एका टोकाला साधारण ३२ अंश, दुसऱ्या टोकाला २६. खाली तापणारा पट्टा आहे. मी तापमापक काचेवर वर चिकटवला होता, तो ३० दाखवून मला खूश करत होता. हात घालून पाहिलं तर खालची फरशी चटका देणारी. तापमापकाचा मणी तिथे टेकवला तेव्हा ४१! आता थर्मोस्टॅट बसवलाय, त्याचा मणी पट्ट्यालाच चिकटवलाय, आणि पट्टा आपोआप बंद-चालू होतो. लाइट गेली तरी दोन-चार तास काही बिघडत नाही, श्रावणातली आपली रात्र काही एवढी गार नसते.

पुस्तकं सगळी थंड कोरड्या देशातल्या लोकांनी लिहिलेली. त्यांत म्हणे पेटीत रोज पाणी फवारा, दमटपणा ६० टक्क्यांवर ठेवा. आमच्याकडे फवारा न मारता काटा ८८ वर! इथे आपली चामड्याची चप्पल आठवड्यात हिरवी होते, तिथे पाणी कसलं मारताय? फार ओल झाली तर सापाच्या पोटाखालची खवलं कुजतात, छाती भरते, तोंड उघडं टाकून श्वास घेतो. म्हणून मी उलटं केलं. जाळी मोकळी ठेवली, पाण्याचं भांडं गार बाजूला सरकवलं, आणि खाली नारळाच्या सोडणाचा भुसा कोरडा अंथरला. तो भुसा आधी गोड्या पाण्यात तीनदा धुऊन वाळवला, कारण काथ्या खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवलेलाही असतो. वाळवला कुठे, तर गॅसच्या शेगडीशेजारी, कारण ऊन नव्हतंच.

त्यानंतर काहीच करायचं नव्हतं. पाणी बदलायचं, काटा बघायचा, दार लावायचं. मला सगळ्यात जड तेच गेलं. रात्री दोनदा उठून दाराला कान लावायचे.

आठव्या दिवशी खायला दिलं, तिने मान फिरवली. आई, तिचं खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर. तुझा चेहरा दिसतोय मला. त्यासाठी वेगळा छोटा फ्रीज घेतलाय, बांगड्यांच्या फ्रीजशी त्याचा संबंध नाही. तू दूध दे म्हणशील, पण साप दूध पीत नाही ग. पाणी पितो. नागपंचमीला तू पाटावरच्या नागोबाचं, दूर्वा-आघाड्याचं सांगत होतीस, तेव्हा मी मागच्या खोलीच्या दाराला टेकून नुसती 'हं, हं' करत होते. त्या दिवशी आमच्याकडेही चिरणं-तळणं बंद होतं, तेवढं पाळलं. आणि ऐक, आफ्रिकेत बेनिन देशात उइदा नावाच्या गावी हिच्याच जातीच्या सापांचं देऊळ आहे. तिथे त्यांना कुणी मारत नाही.

नागपंचमीच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा दिलं. उंदीर गरम पाण्यात धरून कोमट केला, लांब चिमट्यात पकडला, खोलीतला दिवा घालवला. ती आडोशातून चार बोटं बाहेर आली. वरच्या ओठावर बारीक खळगे असतात, त्यांतून तिला ऊब कळते. जीभ दोनदा आत-बाहेर, मग सगळं स्तब्ध. मला वाटलं याही वेळी नाहीच. आणि मग झटका असा की चिमटा माझ्या हातून सुटला. मी अंधारात एकटीच हसले. पुढचे दोन दिवस हात लावला नाही, पोट भरल्यावर हाताळलं तर ओकतात. आता दर दहा-बारा दिवसांनी एक. गेल्या आठवड्यात डोळे दुधी झाले होते. काल सकाळी अख्खी कात सापडली, डोळ्यांवरच्या झाकणांसकट. नाकावरचं सोलवटलेलंही भरून आलंय.

म्हणून तिला आता हलवत नाही. खोली तुमची होती, ते मला माहीत आहे. खिडकीतून भाट्याची खाडी दिसते म्हणून बाबांना ती आवडते, हेही. पण ऑपरेशननंतर बाबांना उजेड नकोच असेल, आणि पुढच्या खोलीतून बाथरूम चार पावलांवर आहे. पेटीला दोन कड्या आहेत, दाराखालच्या फटीला कापडाचा बोळा. आईला बघायचं नसेल तर नाही दाखवणार. बाबा, तुम्ही मात्र चोरून जाल, मला ठाऊक आहे.

येताना एक काम करा. माळ्यावर काठ फुटलेलं मडकं आहे, आजीच्या वेळचं. उपडं घातलं तर फुटक्या काठातून चुंबळ बरोबर आत जाईल, माझा प्लास्टिकचा आडोसा तिला ढिला होतो. गोणपाटात गुंडाळून आणा. आई, धुऊ नकोस, इथे धुते मी. आणि आत विंचू आहे का ते बाबांना नको, गड्याला बघायला सांगा.

तुमची,
बेबी