इकालुइटहून आई-बाबांना

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगता आले असते, परंतु अशा वेळी आई गप्प होते आणि बाबा एकदम हवामानाची चौकशी करू लागतात, म्हणून लिहिते आहे. इथल्या, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत प्रदेशाच्या राजधानीतल्या, सार्वजनिक आरोग्य विभागातला माझा करार मी वाढवून घेतला आहे आणि कागदांवर सहीही झाली आहे. दिवाळीनंतर मी कायमची परत येईन, असे आपल्यात बोलणे झाले होते. ते आता होणार नाही. दिवाळीला मात्र येणारच, आणि भाऊबीज झाल्याशिवाय निघणार नाही.

दादाने कुठून कुठून शोधलेल्या बातम्या आईला वाचून दाखवल्या, हे मला वहिनीकडून कळले. त्या खोट्या नाहीत. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये इकालुइटच्या नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला, पाणी उकळूनही पिऊ नये असा आदेश निघाला, आणि जवळजवळ दोन महिने लोकांनी नदीवरून आणलेल्या आणि विमानाने आलेल्या बाटल्यांच्या पाण्यावर दिवस काढले. शुद्धीकरण केंद्राला लागून १९६२ सालची एक जुनी इंधनाची टाकी जमिनीखाली विसरली गेली होती, ती नंतर सापडली. वास सर्वांत आधी लोकांच्या नाकाला कळला होता, यंत्राला नाही, हे मला त्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते. आता पाण्यातल्या अशा अंशांवर सतत लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवलेली आहे. तेव्हा आई, पाण्याची काळजी तू करू नकोस. मी गाळून, उकळून, तुझ्या पद्धतीने तांब्याच्या भांड्यात ठेवूनच पिते.

मी इथे राहण्याचे खरे कारण क्षयरोगाचे आहे. कॅनडात जन्मलेल्या मूलनिवासी नसलेल्या लोकांच्या तुलनेत इनुइट, म्हणजे इथल्या उत्तरेतल्या मूलनिवासी लोकांमध्ये क्षयाचे प्रमाण काही वर्षांपूर्वीच्या आकडेवारीनुसार जवळजवळ ३०० पट होते. आपल्याकडची माणसे हे ऐकून आधी थंडीला दोष देतात, पण दोष घरांचा आहे. घरे अपुरी, एकेका घरात तीन पिढ्या, आणि उणे तीस अंशांत खिडकी कोण उघडणार? एकाचा खोकला सगळ्या घराचा होतो. २०३० पर्यंत इनुइट प्रदेशातून क्षय हटवण्याचे सरकारने जाहीर केले आहे. सुप्त संसर्गासाठी, म्हणजे जंतू शरीरात आहेत पण आजार उठलेला नाही अशांसाठी, पूर्वी नऊ महिने रोज गोळी घ्यावी लागे. आता आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे घेतले तरी चालते. मी घरोघरी जाऊन समोर गोळ्या गिळलेल्या पाहते. काम एवढेच आहे, पण ते अनोळखी माणसाच्या हातून होत नाही.

त्यालाही कारण आहे. १९५० च्या दशकात ‘सी. डी. हाऊ’ नावाचे सरकारी जहाज वस्तीवस्तीला येई, त्यावर छातीचा एक्स-रे निघे, आणि ज्याच्या छातीत दोष दिसे त्याला पुष्कळदा निरोप घ्यायलाही किनाऱ्यावर उतरू न देता दक्षिणेतल्या रुग्णालयात नेत. कित्येक परतले नाहीत, आणि त्यांना कुठे पुरले हेही घरच्यांना कोणी सांगितले नाही. तेव्हाचे पंतप्रधान त्रुदो यांनी त्याबद्दल मार्च २०१९ मध्ये इथेच, इकालुइटला येऊन माफी मागितली. इथल्या एका आजीने मला पहिल्यांदा दारातूनच परत पाठवले होते. आता ती चहा ठेवते आणि मगच गोळी घेते. इथे परिचारिका येतात आणि हंगाम संपला की जातात. उपचार अर्धवट असताना मीही तसेच निघावे, हे मला जमेना. बाबा, मालूआत्या क्षयाचे उपचार घेऊन मिरजेहून परत आली तेव्हा तिची ताटवाटी वेगळी मांडायची नाही, असे आई सगळ्यांसमोर म्हणाली होती, ते तुम्हाला आठवत असेल. मला ते फार आठवते.

आणखी एक गोष्ट बाबांसाठी लिहिते, आणि ती मनाला लावून घ्यायची नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्वेबेक प्रांतातल्या संशोधकांनी, तुलनेसाठी स्वच्छ नमुना मिळेल या अपेक्षेने, त्याच प्रांताच्या उत्तरेकडील, आमच्या शेजारच्या नुनाविकमधील इनुइट मातांचे दूध तपासले. त्यात पीसीबी या विषारी रसायनाचे प्रमाण दक्षिणेतल्या मातांच्या जवळपास पाचपट निघाले, आणि डीडीटी या डासांवर फवारायच्या कीटकनाशकाचे अंशही सापडले. इथे ना कारखाना, ना शेती. उष्ण प्रदेशात वापरलेल्या अशा रसायनांचा काही भाग हवेत उडतो, थंडीत खाली उतरतो, पुन्हा उडतो आणि टप्प्याटप्प्याने उत्तरेला येऊन थांबतो. मग सूक्ष्म जीव, मासा, सील आणि सील खाणारा माणूस, अशा चढत्या क्रमाने चरबीत साठत जातो. हे वाचताना मला तुमच्या खाकी शर्टाचा वास आठवला, फवारणी करून आल्यावर आंघोळ होईपर्यंत जवळ येऊ न देणारे तुम्ही आठवलात, आणि मी तरीही पायांना मिठी मारायची. तुमच्या पंपाने पाड्यावरची किती मुले हिवतापातून वाचली, हे मी पाहिलेले आहे. २००१ साली स्टॉकहोम करारात जगाने या रसायनांवर बंधने घातली तेव्हाही हिवतापाच्या डासांसाठी डीडीटीची सवलत राखून ठेवावी लागली. करार २००४ पासून लागू झाला आणि इथल्या मातांच्या शरीरातले या जुन्या रसायनांचे प्रमाण त्यानंतर उतरत गेले आहे. नवी रसायने मात्र येतच आहेत.

मग सील खाऊच नये का, असे आई विचारील. तसे सांगणे सोपे असते आणि चुकीचेही ठरते. दुकानातले अन्न विमानाने किंवा उन्हाळ्यातल्या जहाजाने येते, महाग असते, आणि त्यात शिकारीच्या मांसातले लोह नसते. म्हणून नुनावुतच्या आरोग्य खात्याने २०१२ मध्ये नेमकेपणाने सांगितले, की मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनी पाऱ्यामुळे रिंग्ड सीलचे यकृत टाळावे, मांस मात्र खुशाल खावे. वॉलरस या मोठ्या समुद्री प्राण्याच्या मांसात ट्रिकिनेला नावाचा कृमी असू शकतो आणि इथली त्याची जात गोठवूनही मरत नाही. त्यासाठी सामुद्रधुनीपलीकडे नुनाविकमधल्या कुजुआक गावच्या प्रयोगशाळेत शिकारी जिभेचा तुकडा पाठवतात आणि निकाल आल्यावरच मांस वाटले जाते. भीती न घालता सांगण्याची ही रीत मला आवडते. मी स्वतः वरणभातच खाते, कुकर आहे, हिंग आणि गोडा मसाला पुरेसा आहे. घर उबदार आहे, इतके की मी आत सुती कुडत्यावर असते. डिसेंबरातही चार तास ऊन दिसते. कोल्ह्यांमुळे रेबीजची भीती असते, पण माझी लस झालेली आहे, हे आई, मी तुला तिसऱ्यांदा सांगते आहे.

आता तुम्ही दोघांनी करायचे ते सांगते. बाबांचा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला आहे. काढा पुरे झाला, सोमवारी जाऊन थुंकीची तपासणी आणि एक्स-रे करून घ्यायचा, आणि नोंद मागून घ्यायची. मी घाबरवत नाही, बहुतेक वेळा काही निघत नाही. परसात पालापाचोळ्याबरोबर प्लास्टिक जाळणे आजपासून बंद. २०१४ साली इथला कचऱ्याचा डोंगर महिनोन् महिने धुमसत होता आणि गरोदर स्त्रियांना धुरापासून जपून राहायला सांगावे लागले होते. आईच्या दम्याला तर एक ढीग पुरतो. गच्चीवरची टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करायची, हे मी बाबांना शिकवावे असे नाही, पण शिडीवर बाबांनी चढायचे नाही, दादाला बोलवायचे. आईने रक्तदाबाची गोळी उपवासाच्या दिवशीही घ्यायची. देवाला चालते, मी विचारले आहे.

तपासणीचा कागद हातात आला की वहिनीला त्याचा फोटो पाठवायला सांगा, दोन्ही बाजूंचा. मी रात्री जागी असते.

आपली,
मनू