लोएस्ट कोटेशनवाल्या पेशी : मंत्रीमहोदयांना एक खुलं पत्र

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण माझी फाईल इतक्या टेबलांवरनं फिरून आली आणि प्रत्येकानं हे आमचं नव्हे म्हणून अशी काही पुढं ढकलली की आता नेमकं कुणाच्या नावानं ओरडायचं हेच कळेना झालंय. तुम्ही मात्र ओळखाल स्वतःला. गेल्या हिवाळी अधिवेशनाला सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधानभवनात, आला होता, त्यातनं वेळ काढून आमच्या कॉलेजात आलात, फेटा बांधून घेतलात, कुंदा खाल्लात आणि माइकवर सांगितलंत की बेळगावच्या संशोधकांना आता बेंगळूरच्या तोंडाकडं बघायची पाळी येणार नाही, लागेल ते दारात मिळेल. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीपण होते.

परवा तुमच्या ऑफिसचं पत्र आलं. मी मानवी भ्रूणाच्या स्टेम सेलच्या, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या मूळपेशींच्या, दोन लाइन्स मागितल्या होत्या, ह्यूज-एट आणि बीजेएनहेम-ट्वेंटी. लाइन म्हणजे एकाच ठिकाणाहून काढून लॅबच्या डिशमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी. पत्रात लिहिलंय की दोन्ही वस्तू एकाच प्रकारच्या असल्यानं एक रद्द करण्यात येत आहे, उरलेल्या एकीसाठी तीन कोटेशनं जोडावीत, सगळ्यात कमी दराची म्हणजे एल-वन असेल ती घ्यावी, आणि शक्य असल्यास समतुल्य स्वस्त पर्यायाचा विचार करावा. पर्याय म्हणून कुणीतरी पेन्सिलीनं हेला असं लिहिलंय. हेला! साहेब, हेला ही १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या अमेरिकन बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधनं काढलेली लाइन आहे, तीही त्या बाईला न विचारता. कॅन्सरच्या पेशी आहेत त्या, त्यांच्यापासनं इन्सुलिन बनवणारी बीटा सेल होत नाही, जन्मात होणार नाही. पण कॅटलॉगमध्ये स्वस्त दिसली ना, झालं.

आता तुमच्या ऑफिसला सेल लाइन आणि स्टीलचं कपाट यातला फरक सांगायचा तर जरा मागं जावं लागेल, चहा मागवून वाचा.

१९९८ साली विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसननं पहिल्यांदा मानवी भ्रूणातनं ह्या पेशी वेगळ्या करून वाढवल्या, एच-वन, एच-सेव्हन, एच-नाइन, एच-थर्टीन, एच-फोर्टीन अशा पाच लाइन्स. त्यातली एच-नाइन इतकी चालली की अजून निम्मं जग तीच वापरतं, आणि का वापरतं तर बाकीचे वापरतात म्हणून. पण प्रत्येक लाइन वेगळ्या भ्रूणाची, म्हणजे वेगळ्या माणसाची म्हणा की. २००८ मध्ये हार्वर्डवाल्यांनी त्यांच्या लाइन्स शेजारीशेजारी ठेवून बघितल्या तर स्वादुपिंडाकडं वळायला ह्यूज-एट सगळ्यात पुढं आणि हृदयाच्या पेशी व्हायला ह्यूज-थ्री बरी निघाली. सगळ्या नॉर्मल, सगळ्या भ्रूणाच्याच, तरी एकीचा कल इकडं, एकीचा तिकडं. मी बीटा सेलवर काम करते, म्हणून ह्यूज-एट मागितली. हौस म्हणून नव्हे.

दुसरी का मागितली ते तर आणखी सोपं आहे. एकाच लाइनवर प्रयोग केला आणि काही निघालं, तर ते माणसाच्या शरीराबद्दल निघालं का त्या एका लाइनच्या स्वभावाबद्दल निघालं हे कळायला मार्गच नसतो. म्हणून कमीत कमी दोन लागतात, तीन असल्या तर बरं. ज्याला तुम्ही डुप्लिकेट म्हणून काट मारली तोच माझ्या प्रयोगाचा अर्धा जीव होता.

आणि ती दुसरी बीजेएनहेम-ट्वेंटीच का? ह्यावर तरी तुम्ही खूश व्हायला पाहिजे होतं ओ, कारण ती तुमच्या कर्नाटकात जन्मलेली आहे. बेंगळूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये मनीषा इनामदार यांच्या लॅबनं तयार केलेली, बीजेएनहेम-नाइन्टीन आणि ट्वेंटी ह्या दोघी सख्ख्या भावंडांसारख्या, एकाच जोडप्याच्या भ्रूणांच्या. तेही आयव्हीएफमध्ये कमी दर्जाचे म्हणून बाजूला टाकलेले भ्रूण, त्यातनं त्यांनी लाइन काढून दाखवली. २००९ ला पेपर आला. आणि ठेवल्या कुठं, तर इंग्लंडच्या स्टेम सेल बँकेत. मुंबईला परळच्या प्रजनन आरोग्य संस्थेनं किंड-वन, किंड-टू काढल्या. म्हणजे आपल्या लोकांना येत नाही असं काही नाही.

आपल्या माणसांच्या पेशी लागतात हा माझा हट्ट नव्हे. २०१० साली अमेरिकेत लोकांनी नेहमीच्या वापरातल्या लाइन्सचे जीन्स तपासले तर बहुतेक सगळ्या युरोपीय वंशाच्या, थोड्या मध्यपूर्वेच्या नि पूर्व आशियाच्या, आफ्रिकन वंशाची एकसुद्धा नाही. आता आपल्याकडं डायबेटिस गोऱ्या लोकांपेक्षा लवकर येतो, वजन फार वाढायच्या आधीच येतो, हे तर गल्लीतला डॉक्टरपण सांगतो. मग त्याचा अभ्यास फक्त परक्यांच्याच पेशींवर करायचा का? २००१ ला बुशसाहेबांनी अमेरिकन सरकारी पैसा कुठल्या लाइन्सना चालेल ती यादी काढली, त्यात ६४ पैकी १० भारतातल्या होत्या, ७ मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या आणि ३ बेंगळूरच्या एनसीबीएस ह्या जीवशास्त्र संस्थेच्या. केवढी मोठी संधी. शेवटी संशोधकांच्या हाताला लागल्या त्या २१, त्यात आपली एक नाही. इथनं पुढं किती वर्षं गेली मोजा.

स्वस्त लाइनचा दुसरा धोका कोण बघणार? ह्या पेशी डिशमध्ये वाढत वाढत बिघडतात. जी पेशी जास्त भराभर वाढते ती बाकीच्यांना मागं टाकते, मग सगळी डिश तिचीच. विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा जास्तीचा झाला की पेशी मरायला तयार नसतात, २०११ ला जगभरातल्या सव्वाशे लाइन्स तपासल्या त्यात पाचातल्या एकीत हा तुकडा सापडला. २०१७ ला १४० लाइन्सचे जीन्स तपासले, त्यातल्या ५ लाइन्सच्या टीपी-फिफ्टीथ्रीमध्ये बदल, म्हणजे कॅन्सरला आवर घालणाऱ्याच जीनमध्ये. म्हणून लाइन घेताना आधी विचारायचं असतं की कितवा पॅसेज आहे म्हणजे कितव्यांदा नव्या डिशमध्ये काढल्यात, कॅरिओटाइप म्हणजे गुणसूत्रांची तपासणी शेवटची कधी केली, मायकोप्लाझ्मा हा जंतू शिरलाय का ते तपासलं का, एसटीआर म्हणजे डीएनएची ओळखखूण जुळते का, भ्रूण देणाऱ्या जोडप्याची संमती कागदावर आहे का. दर सगळ्यात शेवटी. तुमच्या फॉर्मवर रकाना एकच, दर.

तीन कोटेशनं कुठनं आणू? ती लाइन ज्या संस्थेकडं आहे तिच्याचकडं आहे. कर्नाटकचा टेंडरचा केटीपीपी कायदा १९९९ चा आहे हे मलाही ठाऊक आहे, त्यात एकाच ठिकाणी मिळणाऱ्या वस्तूला सूट आहे हेही ठाऊक आहे, आणि मोठमोठ्या कामांना त्यातल्या कलम ४(जी) खाली टेंडरमधनं सूट कशी मिळते ते आम्ही पेपरात वाचतोच. माझ्या पेशींच्या दोन कुप्यांसाठी मात्र पारदर्शकता.

बरं, ह्याच्या आधी काय झालं तेही सांगते, आता सुरूच केलंय तर. मागच्या वेळी एकदा मंजूर झाली होती लाइन. ड्राय शिपर नावाच्या डब्यातनं, द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत आली, आणि विमानतळावर अडली. कुणी म्हणालं मानवी अवशेष आहे का, कुणी म्हणालं प्राण्याचं असेल तर क्वारंटाइनचा दाखला आणा. आमच्या कमिटीची मंजुरी जोडलेली होती, ते पान कुणी उलटलंच नाही. शिपरची थंडी काही दिवसांचीच असते साहेब, सरकारी शिक्क्यासाठी ती थांबत नाही. आली तेव्हा पेशी वितळवून प्लेटवर टाकल्या, त्यांची एकसुद्धा कॉलनी, म्हणजे पुंजका, आली नाही. सहकारी म्हणाले सोड, दुसरी मागव. मी जिन्यात बसून रडले, लाज वाटत नाही सांगायला. आमच्या खानापूर तालुक्यात जर्सी बैलाच्या रेतनाच्या कांड्या उणे १९६ डिग्रीत आडवाटेच्या गावापर्यंत पोचतात, गाय गाभण राहते, त्याला कुणी तीन कोटेशनं मागत नाही.

घरी धाकट्या भावाला टाइप वन डायबेटिस आहे. चौथीत असल्यापासनं टोचून घेतोय. २०२५ मध्ये अमेरिकेतनं बातमी आली, भ्रूणाच्या स्टेम सेलपासनं बनवलेल्या बीटा सेल १२ पेशंटना दिल्या त्यातल्या १० जणांचं इन्सुलिन वर्षभरानंतर बंद होतं. आईनं ती बातमी व्हॉट्सॲपवर मलाच फॉरवर्ड केली, खाली लिहिलेलं, तुझ्या पेशी कुठवर आल्या गं. काय सांगू तिला? एल-वन निघायचंय म्हणून सांगू? माझी फेलोशिप संपायला आली, गाईड म्हणतात विषय बदल, नवरा म्हणतो पुण्याला अप्लाय कर. लग्नाचे दागिने अजून बँकेत गहाण आहेत नाहीतर ते विकून लाइन आणली असती, पण खासगी पैशानं आणली तर म्हणे ऑडिटला ऑब्जेक्शन.

आणि ह्याच राज्यात गुडघ्यावर, मुलांच्या ऑटिझमवर स्टेम सेल थेरपी म्हणून बोर्ड लागतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइन्स म्हणतात की रक्ताच्या आजारातलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी सगळं फक्त ट्रायलमध्ये, पैसे घेऊन नाही. तिथं कुणी अडवत नाही, अडवायचं ते मला.

आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा २०२१ चा एआरटी कायदा म्हणतो की साठवलेला भ्रूण १० वर्षांपर्यंत ठेवायचा, मग नष्ट होऊ द्यायचा नाहीतर जोडप्याच्या संमतीनं नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. माझी वहिनी द्यायला तयार होती. हॉस्पिटलवाले म्हणाले असं कुणी मागतच नाही हो, फॉर्मच नाही. तिनं सही करून ठेवलेला साधा कागद अजून कपाटात आहे. असे किती कागद असतील बेळगाव, निपाणी, चिकोडीत, आणि तुम्ही म्हणता लाइन स्वस्त बघा.

दिल्लीचं सांगूच नका. पन्नास हजार कोटींचं संशोधन फाउंडेशन, त्यातले छत्तीस हजार खासगीवाले देणार म्हणे, आणि देश जीडीपीच्या ०.६४ टक्के संशोधनावर घालतो. २०२४ च्या बजेटात लॅब केमिकल्सची ड्युटी १० टक्क्यांवरनं १५० वर नेली, बोंब झाल्यावर मागं घेतली. कुणी केलं, का केलं, कुणाला विचारायचं?

मुंबईला विचारलं तर म्हणतात सीमाबांधव आमचेच, अन् डोमिसाइल कुठलं? इथं विचारलं तर परिपत्रक फक्त कन्नडमध्ये. १९५६ पासनं दोन्हीकडनं सहानुभूती, २००४ पासनं सुप्रीम कोर्टात केस, आणि दर १ नोव्हेंबरला तीच भाषणं. पुणं इथनं बेंगळूरपेक्षा जवळ आहे, एवढंसुद्धा तुमच्या नकाशात नाही. मला झेंडा नको, द्रवरूप नायट्रोजनची एक टाकी, नियमातली एक ओळ की सेल लाइनला कोटेशन नको तर शास्त्रीय कारण हवं, आणि देशातल्या लाइन्स देशातच तपासून, कागदांसकट मिळतील अशी एक सरकारी बँक. हुबळी, धारवाड, बेळगाव, कुठंही काढा. विमानतळावर एक माणूस असा बसवा ज्याला ड्राय शिपर म्हणजे काय ते ठाऊक आहे.

उत्तर कन्नडमध्ये पाठवलंत तरी चालेल. मराठीतही पाठवायचा नियम आहे, पण जाऊ दे.

आपली,
सीमाभागातली एक संशोधक, बेळगाव

ता.क. तुमच्या पत्रात लाइन निवडून कळवायला पंधरा दिवस दिलेत. कळवते : ह्यूज-एट आणि बीजेएनहेम-ट्वेंटी. दोन्ही. कोटेशन एकेकच मिळेल.